दाखल्याच्या सुट्टीत ध्यानात ठेवायचं

चिमणे,

१ मेला प्रगतिपुस्तक मिळतं ते दरवर्षीचंच. यंदा त्याच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखलाही येईल. आपल्या गावची शाळा सातवीपर्यंत. जूनच्या मध्यावर तू दहिवडीच्या हायस्कुलात आठवीला बसशील आणि दिवाळीत तुला तेरा पूर्ण होतील. पहिलीपासून एका सतरंजीवर बसलेल्या तुम्ही पोरी आता पांगणार. एक मामाकडे बारामतीला, एक वसतिगृहात, आणि एकीच्या घरचे तर मेंढरं घेऊन चाऱ्यामागं गेलेत ते अजून परतलेच नाहीत.

परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, कुणीच पहिल्यासारखं राहिलं नाही." खरं आहे गं. तूही राहिली नाहीस. दसऱ्याचा ड्रेस तुला आता चार बोटं आखूड होतो, आणि उत्तरं मात्र चार बोटं लांब झालीत. म्हणून हे लिहून पाठवते. एका दमात वाचू नकोस. सगळ्याच्या मुळाशी एवढंच आहे, की या सुट्टीत कुणाचाही कायमचा निकाल लावायचा नाही. मैत्रिणीचा नाही, आईचा नाही, आणि स्वतःचा तर नाहीच.

१. दाखला हातात आला की घडी घालायच्या आधी तिथंच उभं राहून वाच, आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघ — दहावीच्या फॉर्मात हेच नाव उतरतं, आणि एक वेलांटी चुकली तरी ती सरळ करायला तुझ्या वडिलांचे कामाचे दिवस मोडतात.

२. त्या दिवशी कुणाची श्रेणी मोठ्यानं विचारू नकोस — श्रेणी कोणती होती ते पुढं आठवत नाही, चारचौघात कुणी विचारलं ते आठवतं.

३. सगळ्यांचे फोन नंबर वहीत लिहून घे, आईच्या मोबाइलवर विसंबू नकोस — मोबाइल बदलतो, पडतो, त्याचा रिचार्ज संपतो. वही उशाशी राहते.

४. उसनं आणलेलं सगळं दहा मेच्या आत परत करून टाक, मग तो कर्कटक असो, गोष्टीचं पुस्तक असो, नाहीतर केसांची पिन — भेटी कमी झाल्या की वस्तू मनात मोठी होत जाते. आणि द्यायला गेलीस तर दारातून परत फिरू नकोस, पाणी पिऊन ये.

५. तिघी मिळून बसत असाल तर मधली जागा रोज बदला — तीन पाट मांडले की एक उन्हात येतोच, तो रोज एकीच्याच वाट्याला येऊ नये.

६. चैत्रात शिंगणापूरच्या यात्रेला दोघी जाऊन आल्या आणि तुला कळलंही नाही, ते तुला अजून बोचतंय, माहीत आहे मला. "मला का नाही बोलावलं?" असं विचारण्यापेक्षा "पुढल्या वेळी मला हाक मारा" असं सांग — पहिल्या वाक्यावर त्यांना कारण शोधावं लागतं, आणि शोधलेलं कारण कधी खरं नसतं, दुसऱ्यावर नुसतं "बरं" म्हणता येतं.

७. एकीनं दुसरीबद्दल काही म्हटलं तर ते तुझ्यापाशीच थांबू दे, अगदी चांगल्या हेतूनंसुद्धा पोहोचवू नकोस — ऐकीव गोष्ट पायी येते आणि एसटीनं जाते, आणि शेवटी दोघी एक होऊन विचारतात, मध्ये कोण होतं?

८. घरातलं कर्ज, भांडण, आजारपण मैत्रिणीला सांगण्याआधी एक रात्र जाऊ दे — ती गोष्ट तुझ्या एकटीची नसते, घरातल्या चौघांची असते. रात्र उलटल्यावरही सांगावंसं वाटलं तर एकीलाच सांग, पारावर नको.

९. भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी भांडणाचं बोलूच नकोस, तिच्या दारात जाऊन "दळण आणायला येतेस का?" एवढंच विचार — माफी गिरणीपर्यंत चालता चालता मागता येते, आधी दोघींचे पाय हलायला हवेत. रुसवा रात्रीपुरता बरा; अबोला धरला की हंगाम जातो.

१०. चूक तुझी असेल तर समोर जाऊन सांग, मोबाइलवर बदाम पाठवून नको — बदाम सगळ्यांनाच पाठवले जातात.

आता मुंबईकरणीचं. गेल्या मेमध्ये जी तुझ्याबरोबर चिंचेवर चढली होती, ती चुलत बहीण यंदा आली ती कानात वायर घालूनच उतरली, आणि तू मला फोनवर तासभर तिचं गाऱ्हाणं सांगितलंस. तुझं दुखणं मला कळतं. वर्षभर तू तिच्या येण्याचे दिवस मोजतेस. पण तीही तिथल्या मैत्रिणी मागं ठेवून आलीय, आणि त्या तिच्याशिवाय काय काय करतायत हे तिला मोबाइलवर दिसतंय.

११. अजून दोन दिवस तिला काही सुचवू नकोस, काही विचारू नकोस, फक्त झोपताना अंथरूण शेजारी घाल — अंधारात ती आपण होऊन बोलेल.

१२. खेळायला चल म्हणण्यापेक्षा कामाला चल म्हण — वाढत्या वयात खेळायची लाज वाटते, कामाची वाटत नाही.

कुरडयांचा दिवस यासाठी फार चांगला. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून, रात्रभर निवळलेला असतो. वरचं पाणी ओतून टाकायचं आणि उजाडायच्या आत चीक शिजायला घालायचा. ढवळणारीचा हात क्षणभर थांबला की गुठळी झालीच. तो चाटू तिच्या हातात दे आणि तू शेजारी चीक सोडत राहा. चीक चकाकायला लागला, चाटूला जड झाला, की पहिली वाटी तिला द्यायची, तूप घालून. मग गरम आहे तोवर सोऱ्यात भरून दोघींनी माळवदावर पळायचं, कारण थंड झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही. समोरासमोर बसवून विचारलं तर पोरी गप्प होतात. शेजारी बसून, नजर कामावर ठेवून, हात चालू असले की मनातलं बाहेर येतं. यंदाच्या कुरडया वाकड्या झाल्या तरी चालतील, मी आईला सांगते.

१३. ती तुझ्या "व्हय"ला हसली तर बोलणं बदलू नकोस, आणि तिच्या बोलण्याची नक्कल वरच्या आळीत करून दाखवू नकोस — दोघी जपून बोलायला लागल्या की बोलायला काही उरत नाही.

१४. ती नाचाच्या स्टेप शिकवते म्हणाली तर शिक, येत नसलं तरी शिक — जिला तू काही शिकवू दिलंस, तिला तुझ्या घरात आपलेपणा वाटतो.

मुंबईकरणीचं एवढं पुरे. आता अंगाचं सांगते, कारण मैत्रीतली निम्मी भांडणं तिथूनच निघतात आणि ते कुणी पोरींना सांगत नाही. मुलींची झपाट्यानं वाढायची वेळ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येते. बाराव्या वर्षाच्या आसपास मुलगी वर्षाला सात-आठ सेंटिमीटरही वाढते. मुलांची तशी वाढ चौदाच्या आसपास. म्हणून तुमच्या सातवीच्या फोटोत मागच्या रांगेत सगळ्या पोरी आहेत. आणि मुली-मुलींतही सारखं काही नसतं. एकाच दिवशी पेरलेल्या बाजरीत काही ताटं आधी निसवतात, काही पंधरा दिवस मागं राहतात, आणि शेतकरी त्यावरून कुठल्याच ताटाला उपटत नाही. एकीला अजून सागरगोटे खेळायचे असतात, दुसरीला आरशासमोरून हलवत नाही. दोघींपैकी कुणीही कुणाला सोडलेलं नसतं.

१५. जी अजून सागरगोटे खेळते तिला "लहान" म्हणू नकोस आणि जी ओठाला रंग लावते तिला "आगाऊ" म्हणू नकोस — वर्षभरात पारडं फिरतं, शब्द मात्र तिथंच राहतो.

१६. मुलांच्या उंचीची आणि फुटलेल्या आवाजाची थट्टा नको — आठवी-नववीत ते तुझ्या डोक्यावरून बघायला लागतील, आणि आवाज फुटत असताना त्यांना वाचायला उभं राहायचीही धास्ती वाटते.

१७. रात्री पोटऱ्या, मांड्या, गुडघ्याची मागची बाजू दुखली तर कोमट तेलानं चोळ आणि गरम पाण्यानं शेक — दोन्ही पाय दुखणं, संध्याकाळी-रात्री दुखणं आणि सकाळी काहीच नसणं, हे या वयात नेहमीचं आहे. लोक याला वाढीचं दुखणं म्हणतात. हाड वाढताना दुखतं असं काही डॉक्टरांना सापडलेलं नाही, पण दिवसभर पळापळ, उड्या झाल्या की त्या रात्री ते जास्त जाणवतं.

१८. एकच पाय दुखत राहिला, सकाळीही दुखला, सूज आली, ताप आला किंवा चालताना लंगडायला झालं, तर तेल बाजूला ठेव आणि वडिलांना सांगून दवाखान्यात जा — ते वाढीचं दुखणं नव्हे. कबड्डी खेळून गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखायला लागला असेल तरी दाखवून घे. बहुतेक वेळा विश्रांतीनं बरं होतं.

१९. शाळेचे बूट मेमध्ये घेऊ नकोस, जूनमध्ये घे, आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेव — पाय उंचीच्या आधी वाढतो.

२०. अंग बदललं म्हणून पळणं, खेळणं सोडू नकोस. घट्ट बसणारे आतले कपडे आईकडून मागून घे आणि मैदानावर जा — सोडणाऱ्या पोरी नेमक्या याच वर्षी सोडतात, आणि पुन्हा सुरू करणं अवघड जातं. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. बारा-तेराव्या वर्षी तीही इथल्याच मातीत वाढत होती.

२१. हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी यांना नाक मुरडू नकोस, जेवताना वर लिंबू पिळ, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस — लिंबानं अन्नातलं लोह अंगाला लागतं, चहानं ते वाया जातं.

२२. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिशात घालून आणू नकोस, जेवण झाल्यावर तिथंच घे — उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. शौचाला काळी होते, त्याला भिऊ नकोस.

२३. बारा वर्षांपर्यंत रात्रीची नऊ तास तरी झोप हवी, तेरानंतर आठ ते दहा — झोप उशिरा यायला लागणं हे वयाचंच असतं, पण सकाळी उठून जे पहिलं भांडण होतं ते अपुऱ्या झोपेचं असतं.

२४. पिशवीत एक पॅड, एक जादा चड्डी आणि एक जुना रुमाल कायम ठेव, पाळी आली नसली तरी — पहिल्या वेळी ती घरी असतानाच येईल असं नाही, आणि तुला लागलं नाही तर शेजारच्या पोरीला लागेल. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं.

२५. पहिली दोन वर्षं तारखा मागंपुढं होतात, त्याची चिंता नको; कॅलेंडरवर बारीक ठिपका देत जा — डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर ते पहिलं तेच विचारतात. कुणाला दहाव्या वर्षी येते, कुणाला चौदाव्या. पंधरा उलटूनही आली नाही तर मात्र दाखवायचं.

२६. मैत्रिणीला आली आणि तिनं फक्त तुला सांगितलं, तर ते पोटात ठेव — या वर्षी कुणी तुझ्यावर ठेवलेला हा सगळ्यात मोठा विश्वास आहे.

२७. विहिरीला पाणी असलं आणि सगळ्या पोहायला उतरलात, आणि गेल्या वर्षी मुटके मारणारी एखादी यंदा काठावरच बसली, तर तिला ओढू नकोस, पाणी उडवू नकोस, "काय झालं?" असं वरून ओरडून विचारू नकोस — तिच्याकडे कारण असतं आणि ते सगळ्यांसमोर सांगण्याचं नसतं. तू दोन सूर मारून वर ये आणि तिच्याजवळ जाऊन बस. कपडे सांभाळायला कुणीतरी लागतंच, असं म्हण. ती पुढच्या वेळीही येईल. ओढलीस तर येणार नाही.

२८. तोंडावरची पुटकुळी फोडायची नाही, साध्या पाण्यानं दोनदा तोंड धुवायचं — पुटकुळी चार दिवसांची, फोडल्याचा डाग कैक महिन्यांचा. घामाला वास यायला लागला तर उन्हाळ्यात आंघोळ दोनदा. मैत्रिणीच्या घामाला वास येत असेल तर तिला एकटीला गाठून सांग.

२९. वर्गातल्या मुलांशी बोलणं एकाएकी तोडू नकोस. बोल, पण पारावर, अंगणात, सगळ्यांच्या देखत बोल — गाव लपलेल्या गोष्टीवर बोलतं, उघड्या गोष्टीचा त्याला कंटाळा येतो. सहा वर्षं लगोरी खेळलेला मुलगा एका उन्हाळ्यात परका होत नाही.

३०. दोघांची नावं जोडून चिडवायचा खेळ सुरू झाला की तू त्यात नसावंस, हसूसुद्धा नकोस — चिडवणाऱ्याला तो तासभराचा खेळ, पण त्या पोरीच्या घरी कळलं तर तिची शाळा थांबू शकते.

३१. आईला तोडून बोललीस तर झोपायच्या आधी तिच्याजवळ जाऊन काहीही विचार, "उद्या भाजी काय?" हेसुद्धा चालेल — तिला माफीपेक्षा तुझा आवाज हवा असतो. उंचीला घाई आणि अकलेला दिवाळी, असं तुझे आजोबा माझ्याकडे बघून म्हणायचे. तुझी दिवाळी तर जवळच आहे.

३२. कारण नसताना रडू आलं तर रडून घे, आणि त्या वेळी कारण शोधत बसू नकोस — शोधलं की हाताशी असेल ते माणूस कारण ठरतं. पण कित्येक दिवस खाणं, झोप, बोलणं सगळंच नकोसं झालं तर मला किंवा आईला सांग. रात्र असली तरी सांग.

३३. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींच्या नियमात किमान वय तेरा आहे, तेव्हा "सगळ्यांचं आहे, माझंच नाही" हे मला सांगू नकोस — सगळ्यांनी जन्मसाल खोटं टाकलंय, एवढाच त्याचा अर्थ.

३४. आईच्या मोबाइलवरून मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिताना, ते मैत्रिणीच्या आईनंही वाचलं तर चालेल का, एवढं मनात म्हण — मोबाइल तिच्या आईचाच असतो. कुणाचाही फोटो तिला विचारल्याशिवाय पुढं पाठवायचा नाही. चिखलात पडल्याचा गमतीचा फोटोही नाही.

३५. कुणाचं उत्तर आलं नाही तर दुसरा निरोप दुसऱ्या दिवशी पाठव — काही घरांत एकच मोबाइल असतो आणि तो बरेचदा वडिलांच्या खिशात शेतावर गेलेला असतो.

हे पुढचं नीट वाच, बाळा. मैत्रिणीचं गुपित पोटात ठेवायचं असं मी वर म्हटलं, पण दोन गोष्टी त्यात येत नाहीत. तुझ्या वयाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत असं तिनं तुला रडत सांगितलं, किंवा घरातल्या-शेजारच्या कुणी तिला नको तसा हात लावला असं सांगितलं, तर ते गुपित नाही. मग ती शपथ घालो, काही करो. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि गावात ते थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकावर असते. तू त्याच दिवशी आईला सांग, बाईंना सांग, मला फोन कर. कुणीच ऐकलं नाही तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि लहान मुलगीही तो लावू शकते. ती तुझ्यावर रागावेल. रागावू दे. ती शाळेत असेल, हे तिच्या रागापेक्षा मोठं आहे. आणि तुझ्या बाबतीत कुणी असं वागलं तर पहिलं वाक्य "माझं चुकलं का?" असं नसू दे. तुझं चुकलेलं नसतं.

३६. मे संपायच्या आत एकदा वडिलांबरोबर हायस्कूल बघून ये. वर्ग नाही बघितलास तरी चालेल, मुलींचं स्वच्छतागृह, पाण्याचा नळ आणि एसटीचा थांबा बघ — पहिल्या दिवशी धडकी भरते ती याच तीन गोष्टींनी.

३७. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, अहिल्यादेवींच्या नावाची योजना आहे. शाळा सुरू झाली की लगेच मुख्याध्यापकांकडे नाव दे — पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची झुंबड उडते. मुलांना तिसरा हिस्सा भरावा लागतो, तेव्हा गावातल्या मुलांजवळ फुकट पासाचा तोरा मिरवू नकोस.

३८. पहिल्या आठवड्यात गावच्या पोरींनी एकाच बाकावर गर्दी करू नका, एकेक बाक सोडून बसा — पाच-सहा गावांच्या पोरी आलेल्या असतात, आणि सगळ्या आपल्याच गावात मिसळल्या तर वर्षअखेरपर्यंत तशाच राहतात. डबा मात्र एकत्र खा.

३९. नव्या मुलीला पहिल्यांदा तिच्या गावाचं विचार, मार्कांचं नंतर — गाव सगळ्यांना सांगता येतं.

४०. जुन्या मैत्रिणीची तुकडी वेगळी पडली आणि महिन्याभरात ती दुसरीच्या खांद्यावर हात टाकून दिसली, तर तिच्या नव्या मैत्रिणीचं नाव विचारून घे आणि त्या नावानं तिला हाक मार — तुझ्या मैत्रिणीला मग दोघींत निवड करावी लागत नाही. त्या दिवशी घरी येऊन उशीत तोंड खुपसलंस तरी चालेल.

४१. बारामतीवालीशी बोलायचा वार ठरव, रविवार संध्याकाळ म्हण, आणि दहा मिनिटं पुरेत — "कधीतरी करू" म्हटलेले फोन होत नाहीत. तिची तिथली शाळा मोठी असेल. तिनं सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवर आपल्याकडची गोष्ट सांगायची नाही, नुसतं ऐकायचं.

४२. वसतिगृहात जाणारीला निघताना काही द्यायचंच असेल तर पत्ता घातलेली पोस्टकार्डं दे — तिथं फोन वाट्याला कमी येतो, पण चार ओळी लिहायला दिवा पुरतो.

४३. मेंढरांमागं गेलेलीचं मात्र आजच बघायचंय. ते लोक पावसाच्या सुमाराला परततात, तोवर शाळा सुरू झालेली असते, आणि दाखला नाही, तारीख गेली असं ऐकून तिचे वडील मुकाट्यानं माघारी फिरतील. तसं फिरायचं कारण नाही — २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला आठवीपर्यंत उशिरा आला म्हणून किंवा दाखला यायचा राहिला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आठवीची पुस्तकंही सरकारी व अनुदानित शाळांत फुकट मिळतात. बाईंना सांगून तिचा दाखला काढून ठेवायला लाव, तिच्या वाटणीच्या पुस्तकांचं हायस्कुलात विचारून ठेव, आणि वहीतला तिच्या आईचा नंबर काढून रात्री आठनंतर फोन लाव. दिवसभर ती माणसं वाटेवर असतात. आठ वाजता मुक्कामाला टेकलेली असतील.

तुझी,
आत्या